हेर्लेकर मॅडमचं हाड

बेलापूरच्या मटणवाल्याची अनेक वर्षं अशी समजूत होती की हेर्लेकर मॅडमनी कुत्रा पाळला आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी त्या त्याच्या दुकानासमोर उभ्या राहायच्या, पदर नाकाशी धरून, आणि बकऱ्याच्या मांडीची नळी मागायच्या. मांस नको, तुकडे नकोत, दोन्ही टोकं शाबूत हवीत, आणि कालचं हाड तर मुळीच नको. तो म्हणायचा, "बाई, तुमचा कुत्रा लई शौकीन दिसतो." मॅडम मान डोलवायच्या. स्वतः त्या शुद्ध शाकाहारी. घरी थोरली बहीण होती, तिच्या नजरेला पडू नये म्हणून ते हाड वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत वरून मेथीची जुडी ठेवून त्या चार मजले चढायच्या. सोमवारी ते हाड आमच्या डिपार्टमेंटच्या फ्रीजमध्ये यायचं.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. नवी मुंबईत नवीनच मेडिकल कॉलेज निघालं होतं. भिंतींना रंगाचा वास येत होता आणि मागच्या खिडकीतून खाडीचा चिखल दिसायचा. मी ॲनाटॉमी विभागात ट्यूटर म्हणून लागले. डॉ. सुमित्रा हेर्लेकर तिथे हिस्टॉलॉजी शिकवायच्या, म्हणजे शरीराचं मायक्रोस्कोपखाली जे दिसतं ते. यकृत, मूत्रपिंड, त्वचा सगळं नीट शिकवायच्या, पण जीव होता तो हाडावर. हाडाचा तास आला की त्या स्टार्चची पांढरी साडी नेसून यायच्या. मुलांना हे सीनियर सांगायचे तेव्हा कळायचं.

त्या मूळच्या कोल्हापूरकडच्या. वर्गात "मी सांगते, मी दाखवते" असं बोलायच्या. पण गडबडीत असल्या किंवा रंगात आल्या की गावाकडच्या बायकांसारखं "मी येतो, मी बघतो" सुरू व्हायचं. मुंबईची मुलं खुसुखुसु हसायची. मॅडमना ते कळायचं आणि त्या तशाच पुढे बोलत राहायच्या.

हाडाचा पहिला तास ठरलेला असायचा. टेबलावर दोन बश्या. एका बशीत कोंबडीच्या पायाचं हाड, काही दिवस ॲसिडमध्ये बुडवून ठेवलेलं. दुसऱ्या बशीत तसंच हाड, भट्टीत जाळलेलं. त्या पहिलं हाड उचलायच्या आणि सगळ्यांसमोर त्याची गाठ मारायच्या. खरोखरची गाठ, नाडीची मारतात तशी. मुलं बाकांवरून उठून पुढे यायची. "ह्यातला चुना गेला," त्या म्हणायच्या. मग दुसरं हाड एखाद्या मुलीच्या तळहातावर ठेवायच्या. दिसायला अगदी अखंड. "आता मूठ मिट." हातात नुसती राख उरायची. "आणि ह्यातला चिवटपणा गेला. तुमच्या अंगात हे दोन्ही एकत्र नांदतंय. म्हणून तुम्ही जिन्यावरनं उड्या मारत येता."

बाकीचा तास त्या हाड जिवंत असतं हे पटवण्यात घालवायच्या. मुलांनी सीनियरकडून विकत घेतलेला हाडांचा डबा घरी पलंगाखाली असायचा. त्यांच्या दृष्टीनं हाड म्हणजे वाळलेली, पिवळट, पाठ करायची वस्तू. मॅडम म्हणायच्या, ते विसरा. हाडाच्या आत पेशी राहतात, प्रत्येक पेशी आपल्या इवल्याशा खोलीत, आणि भिंतीतल्या केसाएवढ्या बोळांतून हात काढून शेजारणीच्या हाताला धरून. काही पेशी जुनं हाड पोखरत जातात, त्यांच्या मागोमाग दुसऱ्या नवं भरत येतात. जन्मभर हेच चालू. "आत्ता, तुम्ही जांभया देताय तेव्हासुद्धा."

आमच्या एका बॅचमध्ये खाडीकाठच्या मैदानात क्रिकेट खेळताना हात मोडून घेतलेला एक मुलगा होता. मॅडमनी त्याला पहिल्या बाकावर बसवला आणि त्याच्या प्लास्टरवर पेनानं खूण केली. मग दर आठवड्याला त्याला उभा करायच्या. "सांग, आज आत काय चाललंय?" पहिल्या आठवड्यात त्यानं सांगितलं, "मॅडम, रक्त गोठलंय." पुढच्या आठवड्यांत सगळा वर्ग त्याच्या हातात गुंतला. कूर्चा तयार झाली का, कच्चं हाड पडायला लागलं का, यावर कँटीनमध्ये वाद व्हायचे. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्या मुलाचा बारीक झालेला, मळकट हात मॅडमनी दोन्ही हातांत घेतला आणि बोटानं दाबत दाबत मोडलेली जागा शोधली. तिथे थोडा उंचवटा होता. "हासुद्धा जाईल," त्या म्हणाल्या. "कातडीला व्रण राहतो, काळजाला राहतो, यकृताला राहतो. हाडाला राहत नाही. ते व्रण ठेवून जुळत नाही, हाड होऊनच जुळतं. शरीरात दुसरं काही इतक्या इमानानं जुळत नाही."

हे त्या दरवर्षी म्हणायच्या. पण त्या दिवशी डोळे भरून आल्यासारखे दिसले, म्हणून लक्षात राहिलं.

स्लाइड्स विकत मिळायच्या, तरी त्या स्वतः करायच्या. करवतीनं बकऱ्याच्या त्या हाडाची चकती कापायची, ओल्या सहाणेसारख्या दगडावर ठेवून बोटानं घासत बसायचं. इतकं घासायचं की खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रातली अक्षरं चकतीतून वाचता आली पाहिजेत. दुपारच्या चहानंतर डिपार्टमेंटमध्ये तो घसघस आवाज सुरू व्हायचा. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या. घासताना गप्पा मारलेल्या त्यांना चालायच्या. "बोललं तर चालतं," त्या म्हणायच्या, "विचार करायला लागलं की तुटतं."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती, आणि पुढे विचारायची गरज उरली नाही, कारण मी अक्कांना पाहिलं.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेली. आई लवकर गेली, तेव्हा लहान सुमित्राला तिनंच वाढवलं, शाळेत घातलं, वडिलांशी भांडून मेडिकलला पाठवलं आणि पुढे जिथे जिथे नोकरी लागली तिथे बरोबर गेली. आता अक्कांना काही आठवत नव्हतं. ऊन उतरलं की त्या दारापाशी पिशवी घेऊन बसायच्या आणि विचारायच्या, "सुमे, आपण घरला कधी जायचं?" बेलापूरचा तो फ्लॅट त्यांना धर्मशाळा वाटायचा. मॅडम सांगायच्या, "उद्या सकाळची गाडी आहे." अक्कांचं समाधान व्हायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दिवसा जवळच्या दिवाळे गावातली हिराबाई येऊन अक्कांपाशी बसायची. तिचा नवरा होडीवर जायचा. बाकी सगळं, म्हणजे उठवणं, आंघोळ, जेवण, मॅडमच करायच्या. अक्का अंगानं भारी. मॅडम बारक्या, काटकुळ्या. एकदा मी घरी गेले असताना पाहिलं, अक्कांच्या काखेत हात घालून मॅडमनी अशा काही झटक्यात त्यांना उभं केलं की पैलवानाची आठवण यावी. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाल्या, "तू नको. तिला माझ्याच हाताची सवय आहे."

ते पंच्याण्णव साल असावं. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं होतं. मॅडम आल्या नाहीत. हिराबाईनं शेजाऱ्यांकडून फोन करवला. मी आणि डिपार्टमेंटमधले आणखी एक सहकारी धावत गेलो.

मॅडम बाथरूमच्या दारात आडव्या होत्या. अक्कांना आंघोळीच्या स्टुलावरून उठवताना अंग वळलं आणि त्या कोसळल्या. अक्का मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या, ओल्या लुगड्यात, भिंतीला धरून. हिराबाई आली तेव्हा त्या खाली पडलेल्या बहिणीला विचारत होत्या, "चहा ठेवलास काय गं?"

मॅडमनी ओरडा केला नव्हता. हिराबाईला त्यांनी आधी अक्कांचं लुगडं बदलायला सांगितलं. मग म्हणाल्या, "आता माझा पाय बघ. बोटं बाहेरच्या बाजूला वळलीत?"

"हां बाय. पाय पन आखूड झालाय."

"मग मोडलंय."

आम्ही पोचलो तेव्हा पांढऱ्याफटक पडलेल्या, पण आवाज वर्गातलाच. "वैशाली, लोक म्हणतील पडली म्हणून मोडलं. तसं नाही. आधी मोडलं, मग पडलो. मला आतनं कळलं."

वाशीच्या हॉस्पिटलात डॉ. भोईर होते. उरणकडचे, मॅडमचे आधीच्या कॉलेजातले विद्यार्थी. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एकदा मॅडमनी त्यांना नापास केलं होतं आणि हे ते मोठ्या अभिमानानं सगळ्यांना सांगायचे. एक्स-रे त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, जो खुब्याच्या वाटीत बसतो, तो हाडाच्या मानेपासून, म्हणजे खालच्या निमुळत्या भागापासून, तुटून सरकला होता.

"मॅडम," ते पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले, "गोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या मानेला लागूनच जातात. तुम्हीच शिकवलंत. त्या तुटल्यात. गोळा जगणार नाही. तो काढू आणि धातूचा बसवू. आठवड्याभरात वॉकर घेऊन उभ्या राहाल."

"सगळ्या तुटल्या नसतील."

"आणि तुटल्या असल्या तर?"

"तर पुन्हा तुझ्याकडेच येतो."

"मॅडम, प्लीज. स्क्रू घालून जोडलं तर तीन महिने पाय टेकता येणार नाही. आणि एवढं करून..."

"भोईर, धातू ढिला होतो. मला दिवसातनं किती वेळा अक्काला उचलावं लागतं तुला माहीत आहे? आपलं हाड ढिलं होत नाही." मग छताकडे बघत म्हणाल्या, "आणि जन्मभर पोरांना सांगितलं की हाड जिवंत असतं, त्याला वेळ द्या. आता स्वतःची पाळी आली तर काढून फेक म्हणू?"

भोईरांनी माझ्याकडे बघितलं. पण मॅडमपुढे आम्ही दोघंही विद्यार्थीच होतो. दुसऱ्या दिवशी स्क्रू घातले.

तीन महिने अक्कांना कोण बघणार, हा प्रश्न होता. कोल्हापूरला भावाचा मुलगा होता, सुधीर. चांगला माणूस. तो गाडी घेऊन आला. मॅडम हॉलमधल्या पलंगावर पडून होत्या. हिराबाईनं अक्कांना इस्त्रीचं लुगडं नेसवलं, वेणी घातली. अक्का इतक्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या. सकाळची गाडी शेवटी आली होती. दारापाशी पोचल्यावर त्या वळल्या.

"तू न्हाईस येत?"

"तू हो पुढं. मी मागनं येतो," मॅडम म्हणाल्या.

पुढचे आठवडे मी दर शनिवारी जायची. पलंगावर पडल्या पडल्या त्या मुलांची जर्नल्स तपासत, माझ्याकडून वर्गातली खबर घेत. पायाबद्दल अशा बोलत की जणू आत एखादं बांधकाम चालू आहे आणि त्या मुकादम आहेत. "आता रक्त आवरलं असेल. आता बारीक बारीक केशवाहिन्या शिरायला लागल्या असतील." संध्याकाळी कोल्हापूरला फोन लावायच्या. अक्कांना फोनमधला आवाज ओळखू यायचा नाही. "कोण बोलतंय?" एवढंच त्या विचारायच्या. "मी सुमी," असं मॅडम परत परत सांगायच्या. मग सुधीर फोन घ्यायचा.

दुसऱ्या महिन्यात अक्कांना ताप आला, छातीत कफ भरला आणि त्या गेल्या.

भोईर स्वतः चार मजले चढून आले. त्यांनी मॅडमना स्पष्ट सांगितलं, की ॲम्ब्युलन्स करून नेता येईल, मी सोबत माणूस देतो, पण वाटेत धक्के बसले आणि हाड सरकलं तर त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मॅडमनी विचारलं, "आत्ता आत कुठवर आलं असेल रे?"

"तुम्हीच सांगा, मॅडम."

"जुळत असेल तर सगळ्यात कोवळं आत्ता असेल." "तिकडं जाऊन तरी काय. ती तर नाहीच. सुधीरला म्हणावं, थांबू नका."

दुसऱ्या दिवशी मी गेले. मॅडमनी पोटावर ट्रे घेतला होता, त्यात दगड आणि पाणी, आणि त्या हाडाची चकती घासत होत्या. मी बसले. आम्ही बोललो नाही. कागदाएवढी पातळ झाली आणि चकती तुटली. त्यांनी दुसरी घेतली. तीही तुटली. तिसरी घेतली तेव्हा हिराबाईनं पुढे होऊन ट्रे उचलला आणि म्हणाली, "बाय, पानी पी आधी." त्या मुकाट्यानं पाणी प्यायल्या.

तीन महिने झाले, आणखी काही आठवडे गेले. एक्स-रे काढून आणला. मॅडमनी उशीला टेकून तो खिडकीकडे धरला. हिराबाई मागून डोकावली. "चांगला पांढरा हाय की," ती म्हणाली. खरंच, सगळ्या हाडांत तो गोळाच उठून दिसत होता, घट्ट, शुभ्र. बाकीची हाडं फिकी, विरल.

"होय गं, चांगलं आहे," मॅडम तिला म्हणाल्या. मग एक्स-रे पाकिटात घालून पाकीट गादीखाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला कळलं ना?"

मला कळलं होतं. महिनोन्महिने पाय न टेकल्यामुळे जिवंत हाडातून चुना निघून जातो, ते फिकं होतं. पण चुना वाहून न्यायलाही रक्त लागतं. ज्या हाडाला रक्तच नाही, त्यातलं काहीच कमी होत नाही. तो गोळा पांढरा दिसत होता, कारण तो मेला होता.

"सगळ्याच तुटल्या होत्या," मॅडम म्हणाल्या.

हे त्यांनी आणखी कोणाला सांगितलं नाही. वॉकर घेऊन त्या चालायला लागल्या. कठडा धरून एकेक पायरी करत चार मजले उतरून कॉलेजातही आल्या. वर्षभर तो मेलेला गोळा त्यांना पेलत राहिला, मग आतून खचला. दुखणं इतकं की तास चालू असताना टेबलाच्या कडेला दोन्ही हात रोवून उभ्या राहायच्या आणि वाक्य अर्धवट राहायचं. शेवटी दुसरं ऑपरेशन. भोईरांनी धातूचा गोळा बसवला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी भोईरांना बजावलं होतं, "काढलेला गोळा टाकायचा नाही. फॉर्मॅलिनमध्ये घालून वैशालीकडे द्यायचा."

"मॅडम, कशाला?"

"माझाच आहे ना?"

तो बरणीत डिपार्टमेंटला आला. एका बाजूनं चेपलेला, जुन्या हस्तिदंतासारख्या रंगाचा. मी त्याचे काप केले, ॲसिडमध्ये ठेवले, कित्येक आठवडे ॲसिड बदलत राहिले. मग मेणात बसवून सेक्शन कापले, रंगवले. आमच्या रंगात हाड गुलाबी दिसतं आणि प्रत्येक खोलीत पेशीचा जांभळा ठिपका. मॅडम बऱ्या होऊन पहिल्यांदा आल्या त्या दिवशी मी स्लाइड मायक्रोस्कोपवर लावली आणि स्टूल पुढे केलं.

त्यांनी चष्मा काढला. एका हातानं स्क्रू फिरवत, दुसऱ्या हातानं स्लाइड सरकवत, कोणत्याही विद्यार्थ्याची स्लाइड बघावी तशी बघायला लागल्या. "रिकाम्या," त्या म्हणाल्या. स्लाइड सरकवली. "ह्याही रिकाम्या." गुलाबी भिंती जागच्या जागी होत्या, खोल्या जागच्या जागी होत्या. एकाही खोलीत कोणी नव्हतं.

असं करत त्या कडेला आल्या, जिथे गोळा मानेला जोडला होता. तिथे त्यांचा हात थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटलं त्यांना बरं वाटत नाही.

"बघ," त्या बाजूला झाल्या.

मी डोळा लावला. कडेला, मेलेल्या हाडाच्या पट्ट्यांवर, नव्या हाडाचा पातळ थर चढला होता. त्यात खोल्या होत्या आणि खोल्यांत जांभळे ठिपके होते. शेजारी केशवाहिन्या. खालून, मानेकडून, जिवंत हाड मेलेल्या हाडाला धरून वर चढत आलं होतं. थोडंसंच. एवढ्या मोठ्या गोळ्यात नखभर.

"येत होतं गं," मॅडम म्हणाल्या. "पोचलं नाही."

ही स्लाइड त्यांनी मुलांच्या पेटीत घालायला लावली. नाव नको म्हणाल्या. पुढच्या प्रॅक्टिकलला एका मुलानं हात वर केला. "मॅडम, ह्याच्यात सेल्सच नाहीत. स्लाइड खराब आहे." मॅडम वॉकर सरकवत त्याच्याजवळ गेल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर. खराबच आहे. काढ तशीच जर्नलमध्ये." त्या मुलानं गुलाबी पेन्सिलनं रिकाम्या खोल्या काढल्या. सही करताना मॅडमनी शेरा दिला, "चांगली."

त्या वर्षी हाडाचा पहिला तास त्यांनी मला घ्यायला सांगितला. मी विचारलं, बश्या मांडू ना? म्हणाल्या, "मांड. पण ते इमानाचं वगैरे बोलायची गरज नाही. पुस्तकात आहे तेवढं सांग."

मला वाटलं होतं, निदान आता त्या चालतील. काही महिने चालल्याही. मग जखमेच्या जागी लाली आली, गाठ आली, पू यायला लागला. धातूला जंतू चिकटले की औषधं तिथपर्यंत पोचत नाहीत. भोईरांनी दोनदा साफ केलं. तिसऱ्यांदा धातूच काढावा लागला. आता तिथे ना हाड, ना धातू. पाय आखूड झाला, त्यावर भार घेता येईना. भोईर एकदा जिन्यात माझ्यासमोर रडले. "मी त्या दिवशी ऐकायला नको होतं. पण त्यांच्यापुढे बोलायची ताकद कुणात होती?" मी हे मॅडमना सांगितलं नाही. तरी त्यांना अंदाज असावा, कारण त्यांनी एकदा मला सांगून ठेवलं, "भोईरला म्हणावं, निर्णय माझा होता. त्यानं बरोबर सांगितलं होतं. ह्यावेळी मी नापास."

निवृत्ती आली, तेव्हा निरोपसमारंभासाठी आम्हीच त्यांच्या घरी गेलो. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. त्या काळात चार मजल्यांना नसायचीच. त्या वर्षात त्या एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. शाल त्यांनी पांघरूण म्हणून पायावर घेतली. फुलं हिराबाईकडे दिली. कोणी तरी म्हणालं, "मॅडम, दोन शब्द." त्या म्हणाल्या, "काय बोलू? चहा घ्या."

मग सुधीर त्यांना न्यायला आला. तो आधीपासून मागे लागला होता. आता त्या नाही म्हणाल्या नाहीत. अक्का ज्या खोलीत होत्या तीच खोली त्यानं तयार केली होती. तिथे जाऊन वर्षाच्या आत त्या गेल्या. मला फोनवर कळलं. माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या बेलापूरहून निघताना दिसल्या तशा.

सकाळची वेळ होती. टेम्पोबरोबर आलेल्या हमालांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चादरीनं कमरेला बांधलं आणि चौघांनी चार पाय धरून खुर्ची उचलली. मी मागून उशी घेऊन. पुढे हिराबाई, हातात पाण्याची बाटली आणि औषधांची पिशवी, रडत. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची, तेव्हा त्या कठडा धरायच्या आणि सोडायच्या. दुसऱ्या मजल्यावर हमालांनी दम घ्यायला खुर्ची टेकवली. त्यातला एक बरा बोलका होता. "मावशी, तुमचं काय वजनच नाय. हाडं हायेत का नायत आत?"

सगळे हसले. मी मॅडमकडे पाहिलं. ह्या वाक्यावर त्यांनी पूर्वी हमालांचा पाऊण तास वर्ग घेतला असता. त्या समोरच्या बंद दाराकडे बघत होत्या. "उचला," एवढंच म्हणाल्या.

खाली गाडीच्या मागच्या सीटवर त्यांना आडवं केलं, पायाखाली उशी दिली. हिराबाईनं खिडकीतून त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "बाय, येशील ना परत?"

"बघू."

गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मी काचेशी वाकले. मला वाटलं, आता काही सांगतील, स्लाइड्सबद्दल, डिपार्टमेंटबद्दल. त्या म्हणाल्या, "वैशाली, दूधवाल्याला सांगायचं राहिलं. उद्यापासून नको म्हणावं."

गाडी पनवेलच्या दिशेला वळली. मागच्या काचेतून काही दिसलं नाही, त्या आडव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या बिल्डिंगखाली जाऊन उभी राहिले. दूधवाला सायकल स्टँडवर लावत होता.

"चौथ्या मजल्यावर आजपासून दूध नको," मी सांगितलं.

"बाई गावाला गेल्या काय?"

"हो."

"मग कधीपासून चालू करू?"

"नको," मी म्हटलं. "बंदच कर."